माणूस बसवण्याची पुस्तिका

नव्या फ्लॅटचा ताबा मिळालेल्या नवशिक्यांसाठी

अभिनंदन! आपल्या हाती किल्ली आली आहे. वास्तुशांत झाली, पेढे वाटले गेले, दारावरचे तोरण अजून ताजे आहे. आता एकच काम उरले आहे: तयार घरात माणूस बसवणे.

नवशिके पहिली चूक इथेच करतात. घर माणसाच्या मापाने बांधलेले असेल, असे ते धरून चालतात. सदर समजूत सोडून द्यावी. आपला फ्लॅट आधी एफएसआयच्या (भूखंडावर किती बांधता येते त्याच्या) गणितात, मग महापालिकेच्या नकाशात आणि शेवटी जाहिरातीच्या पानात बसवूनच आपल्या स्वाधीन करण्यात आला आहे. आता त्यात फेरफार होणे नाही. फेरफार व्हायचा तो आपल्यात. पायऱ्या क्रमाने वाचाव्यात, एकही गाळू नये. बसवताना माणसाचा एखादा कोपरा अडकलाच, तर जोर न लावता तो कानशीने हलकासा घासून घ्यावा.

साहित्य

एक जोडपे. एक किंवा दोन मुले. एक ज्येष्ठ नागरिक (दोन असल्यास हॉलमध्ये सोफा-कम-बेड लागेल). गाद्या, लोखंडी कपाट, शिलाई मशीन, पाटा-वरवंटा, पापड वाळवायच्या चादरी. शेवटच्या तीन वस्तूंसाठी जागा केलेली नाही; त्या गावी पाठवाव्यात. गाव नसल्यास पलंगाखाली ढकलाव्यात.

मग माणसांची उंची मोजून घ्यावी. या कामाला थोर परंपरा आहे. ले कॉर्बुझिए या नामवंत वास्तुरचनाकाराने इमारतींसाठी माणसाच्या शरीरावरून 'मोद्युलोर' नावाची मापपट्टी तयार केली. तिच्यातला माणूस आधी १.७५ मीटर उंच होता. पुढे तो १.८३ मीटरचा, म्हणजे सहा फुटांचा झाला. कारण असे सांगितले गेले की इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांतले देखणे पोलीस सहा फूट उंच असतात. चंडीगडच्या सरकारी इमारती आखताना हीच पट्टी हाताशी होती. आपल्या घरात कुणी कादंबरीतला इंग्रज पोलीस असल्यास त्याला पुढील पायऱ्या सोप्या जातील. आजीची उंची चार फूट दहा इंच असल्यास तिला स्टूल द्यावे, आणि स्टुलावर चढू नकोस म्हणून बजावावे.

पायरी पहिली: क्षेत्रफळ पचवा

कार्पेट एरिया म्हणजे काय, हे २०१६ च्या रेरा कायद्याने ठरवून दिले आहे. बाहेरच्या भिंती, डक्ट, आपल्या एकट्याच्या वापराची बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यातून वगळायची; घरातल्या आतल्या भिंती मात्र धरायच्या. म्हणजे हॉल आणि बेडरूम यांच्यामधली भिंत ही आपली वापरायची जागा आहे. ती वापरावी. तिच्यावर कॅलेंडर लावता येते.

ज्येष्ठांना आधीचा जमाना आठवत असेल. तेव्हा जिना, लिफ्ट, लॉबी, वॉचमनची केबिन या सगळ्यांतला आपला वाटा घराच्या क्षेत्रफळात मिळवून 'सुपर बिल्ट-अप' विकत असत. हजार चौरस फुटांचे घर घेणारा माणूस सातशे फुटांत राहत असे आणि उरलेल्या तीनशे फुटांतून दुसरे लोक ये-जा करीत असत. आता हिशेब स्वच्छ झाला आहे. घर लहान आहे ते लहानच आहे, हे आता दाव्यानिशी सांगता येते.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहण्याची एकच खोली असेल तर ती किमान ९.५ चौरस मीटर असावी; दोन असतील तर दुसरी ७.५ असली तरी चालते. संहितेत जे किमान म्हणून लिहिले जाते, ते बांधकामावर कमाल म्हणून वाचले जाते. साडेनऊ चौरस मीटर म्हणजे जेमतेम दहा बाय दहा फूट. त्यात सहा फूट रुंद पलंग एका भिंतीला टेकवावा, समोरच्या भिंतीला दोन फूट खोलीचे कपाट लावावे. मध्ये दोन फूट उरतात. कपाटाचा दरवाजा उघडला की तेही उरत नाहीत. तेव्हा पलंगावर उभे राहून कपडे काढावेत. भिंतीकडे झोपणाऱ्याने रात्री पाणी कमी प्यावे.

सॅम्पल फ्लॅटमध्ये ही अडचण दिसली नव्हती, अशी तक्रार काहीजण करतात. सॅम्पल फ्लॅटला आतली दारे नव्हती, पलंग साडेपाच फुटी होता, कपाटाच्या जागी आरसा होता आणि मुख्य म्हणजे तिथे कुणी राहत नव्हते. आपणही न राहिल्यास तोच परिणाम साधता येईल.

पायरी दुसरी: वारा विसरा

वाऱ्याला खोलीत शिरायला एक वाट लागते आणि बाहेर पडायला दुसरी. दुसरी वाट नसेल तर पहिली कितीही मोठी असून फायदा नाही. एकाच भिंतीत खिडकी असलेली खोली म्हणजे बाटली: तोंडाशी कितीही फुंकर मारा, आतली हवा जागची हलत नाही. आपल्या फ्लॅटच्या पुढच्या बाजूला खिडक्या आहेत. मागच्या बाजूला संडास-बाथरूम आणि त्यांचा डक्ट आहे. डक्टमध्ये पाइप असतात, कबुतरे असतात आणि चौथ्या मजल्यावरच्या फोडणीचा वास असतो. वारा नसतो.

खिडक्या किती असाव्यात, याचाही नियम आहे. कोकण-मुंबईसारख्या दमट-उष्ण हवेत उघडणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ खोलीच्या जमिनीच्या एक षष्ठांश हवे. कोरड्या-उष्ण हवेत एक दशांश पुरते. नकाशात ते पाळलेले आहे. फक्त आपली खिडकी सरकती आहे. सहा फुटांची सरकती खिडकी पूर्ण उघडली की तीन फूट उघडते, कारण एक काच दुसरीच्या मागे जाऊन उभी राहते. उरलेले तीन फूट उजेडासाठी आहेत असे मानावे. त्यावर ग्रिल, ग्रिलमध्ये कुंड्या, कुंड्यांवर वाळत घातलेली पायपुसणी. जो वारा यातून वाट काढून आत येईल तो खरा आपला.

आजोळच्या घराच्या खिडक्या आठवत असल्यास त्या विसराव्यात. लाकडी झडपांची ती खिडकी वर-खाली दोन भागांत उघडत असे. खालच्या झडपा लावून घेतल्या की रस्त्यावरच्याला आतले दिसत नसे आणि वरच्या उघड्या ठेवल्या की छताजवळची गरम हवा बाहेर जात असे. दारांच्या वरही झरोके असत. दार बंद असले तरी हवा खोलीतून खोलीत फिरत असे. एसी आला आणि झरोके बुजले, कारण एसीची हवा बाहेर जाता कामा नये. वीज गेली की ती खरोखरच जात नाही.

खबरदारी. एवढ्या एका परिच्छेदापुरती थट्टा बाजूला ठेवावी. मुंबईत गोवंडी-मानखुर्दला लल्लूभाई कंपाऊंड आणि नटवर पारेख कंपाऊंड अशा पुनर्वसन वसाहती आहेत. झोपडी सुटून पक्के घर मिळाले म्हणून माणसे तिथे आली. इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की काही ठिकाणी दोहोंमधले अंतर तीन मीटरच्या आसपास आहे. तिथे 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांसोबत पाहणी केली. खालच्या मजल्यांवर ऊन आणि हवा पोहोचत नाही आणि क्षयाचे रुग्ण तिथे अधिक आहेत, असे तिच्यात दिसून आले. दोन इमारतींमधले अंतर कमी केले की जमीन वाचते. तिची किंमत खालच्या मजल्यावरची छाती भरते.

पायरी तिसरी: ऊन अंगी मुरवा

मे महिन्याच्या मध्यावर मुंबई-पुण्यात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत इमारतीच्या सगळ्या अंगांपैकी गच्ची सर्वांत जास्त तापते. काँक्रीटचा स्लॅब ही उष्णता लगेच खाली सोडत नाही. तो ती दिवसभर साठवतो आणि आपण दिवे घालवून आडवे झालो की सोडू लागतो. सर्वांत वरच्या मजल्यावर 'व्ह्यू' म्हणून जे जादा पैसे आपण भरलेत, त्यात ही सेवा धरलेली आहे.

पश्चिमेकडची बेडरूम आपल्याला मिळाली असल्यास दुहेरी अभिनंदन. माथ्यावरचे ऊन छज्जा अडवतो. तिन्हीसांजेचे तिरपे ऊन छज्ज्याखालून सरळ आत येते. अर्थात आपल्याला ही बारकी चर्चा करण्याचे कारण नाही, कारण आपल्या इमारतीला छज्जाच नाही. मरीन ड्राइव्हवरच्या जुन्या आर्ट डेको इमारती पाहाव्यात: खिडक्यांवरून भुवईसारखी लांबच लांब छज्ज्याची पट्टी फिरवलेली आहे. ऊन अडते, पाऊस भिंतीपासून दूर राहतो आणि जुलैतही खिडकी किलकिली ठेवता येते. त्या परिसराला २०१८ साली जागतिक वारसा ठरवण्यात आले. छज्जा हा आता वारसा असल्यामुळे तो नव्या इमारतीला लावून वापरायचा नसतो.

किती गरम म्हणजे गरम, यावर डेन्मार्कच्या पोव्हल ओले फँगर यांनी १९७० साली एक समीकरण मांडले. हवेचे तापमान, दमटपणा, वाऱ्याचा वेग, अंगावरचे कपडे आणि माणूस करत असलेले काम घातले की किती लोक नाखूश असतील, ते त्यातून निघते. समीकरणाची चाचणी बंदिस्त प्रयोगखोल्यांत, मुख्यतः विद्यार्थ्यांना बसवून झाली होती. जगभरच्या वातानुकूलित इमारती त्यावर चालल्या. पुढे अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी भारतातल्या पाच शहरांत कचेऱ्यांमधल्या माणसांना विचारले, तेव्हा चित्र वेगळे निघाले. जिथे खिडक्या उघडता येतात, पंखा लावता येतो, तिथली माणसे समीकरणापेक्षा बऱ्याच जास्त गरम हवेतही 'ठीक आहे' म्हणतात. ज्याच्या हाताशी खिडकीची कडी असते, त्याला उकाडा कमी लागतो.

हा निष्कर्ष धोकादायक आहे. तो मान्य केला तर आराम हा अंशांचा किंवा चौरस फुटांचा प्रश्नच उरत नाही. माणसाला काय काय करता येते, कुठून उठून कुठे बसता येते, याचा तो प्रश्न होतो.

आपले पूर्वज जागा बदलून बसण्याच्या या खोडीने पछाडलेले होते. वाड्यात सकाळी ओसरीवर, दुपारी जाड भिंतींच्या माजघरात, ऊन कलले की चौकात आणि उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर. घराचे तापमान कुणी बदलत नसे. माणूस बूड हलवत असे. ही सोय सगळ्यांना सारखी नव्हती, हेही खरे: ओसरी पुरुषांची आणि स्वयंपाकघराचा धूर बायकांचा, असे वाटप ठरलेले होते. पण घरात चार तऱ्हेच्या जागा होत्या. चार्ल्स कोरिया यांनी १९६० च्या दशकात अहमदाबादेत पारेख हाउस बांधले तेव्हा हीच जुनी खोड नव्याने उकरून काढली: घराचा एक भाग उन्हाळ्यासाठी, दुसरा हिवाळ्यासाठी. आपल्या फ्लॅटमध्ये बारा महिने, चोवीस तास एकच जागा आहे. ती टीव्हीसमोर आहे. जागा बदलावीशी वाटल्यास चॅनेल बदलावे.

पायरी चौथी: ओट्याशी जुळवून घ्या

फ्रँकफर्टमध्ये १९२६ साली मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी कामगारांच्या घरांसाठी स्वयंपाकघर आखले. रेल्वेच्या डायनिंग कारमधले चिमुकले स्वयंपाकघर त्यांच्या नजरेसमोर होते. कोणत्या कामाला किती वेळ लागतो याचा त्यांनी घड्याळ लावून हिशेब केला आणि साडेसहा चौरस मीटरच्या आसपासच्या जागेत सगळे बसवले. अशी हजारो स्वयंपाकघरे बांधली गेली. त्यात उंची कमी-जास्त करता येणारे एक स्टूलही होते, भाजी बसून चिरता यावी म्हणून.

आपल्या बांधकाम व्यावसायिकाने या साऱ्यातून लहान आकार तेवढा घेतला. स्टूल घेतले नाही. विळी घेऊन जमिनीवर बसायला जागा नाही, कारण फ्रिजचे दार तिथे उघडते. पोळी लाटायची तर पोळपाट कोपराच्या बराच खाली हवा, तरच खांद्यांतून जोर येतो. भांडी घासायला सिंक त्याहून वर चालते. आणि गॅसवर कुकर चढला की त्याची शिट्टी हनुवटीशी येते. या तीन कामांना तीन उंच्या लागतात. ओटा एका उंचीचा आहे. खांदे तीन उंचींचे करून घ्यावेत. एका हाताचा व्यायाम होईल, दुसऱ्याला फ्रोझन शोल्डर.

ड्राय बाल्कनी वॉशिंग मशीनसाठी आहे. मशीन तिथे मावते. त्यात कपडे घालणारा माणूस मावत नाही.

पायरी पाचवी: बाल्कनीत उभे राहायला शिका

ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी १९७७ च्या 'अ पॅटर्न लँग्वेज' या ग्रंथात एक साधे निरीक्षण नोंदवले: सहा फुटांहून कमी खोल बाल्कनी सहसा वापरली जात नाही. कारणही साधेच. दोन खुर्च्या, मध्ये चहाचे टेबल आणि मागून कुणाला जायला वाट, एवढे सहा फुटांखाली बसत नाही. आपली बाल्कनी साडेतीन फुटांची आहे. तिच्यात एक माणूस उभा राहू शकतो आणि रस्त्यावरच्याला हात करू शकतो. हात करून झाल्यावर त्याने आत यावे.

मुंबईकरांनी या पायरीवर विशेष प्रगती केली आहे. तिथे एके काळी फ्लॉवर बेडचे क्षेत्रफळ एफएसआयमध्ये धरत नसत. त्याबरोबर मुंबईच्या इमारतींना फुलांची अशी काही आवड लागली की प्रत्येक खिडकीबाहेर, प्रत्येक मजल्यावर, अडीच-तीन फुटांचा फ्लॉवर बेड निघू लागला. ताबा मिळताच भिंत पाडून तो खोलीत घ्यायचा. एकही मोगरा न फुलता हजारो बेडरूम वाढल्या. जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलला. फ्लॉवर बेड आणि तत्सम पोकळ्या एफएसआयमध्ये मोजल्या जाऊ लागल्या आणि त्यांच्या बदल्यात पैसे भरून ३५ टक्के फंजिबल, म्हणजे हवा तिथे वापरता येणारा, एफएसआय देण्यात आला. शहराची फुलांची आवड त्याच महिन्यात ओसरली.

बाल्कनी काचेने बंद करून खोलीत घेणे, ही या पायरीची परिपूर्ती होय. सहा महिन्यांनी त्या जागेत जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि सायकल दिसू लागली की माणूस नीट बसला असे समजावे.

याउलट काय घडू शकते, हे पाहायचे असल्यास कंबाला हिलवर मान वर करावी. कोरियांची कांचनजंगा ही इमारत १९८३ साली पुरी झाली. २८ मजले, ३२ घरे. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, चांगले दृश्यही तिकडेच, आणि दुपारचे ऊन व पावसाचा माराही तिकडूनच. यावर जुन्या बंगल्यांचा उपाय होता व्हरांडा. कोरियांनी तो उचलून थेट आकाशात नेला: इमारतीच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या, आणि घरे आरपार, पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत.

ती श्रीमंतांची घरे होती, असा आक्षेप येईल. मग बेलापूरला जावे. तिथे कोरियांनीच ऐंशीच्या दशकात मुख्यतः कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी बैठी वसाहत आखली. प्रत्येक घराला स्वतःचे उघडे अंगण, आणि साताठ मीटरच्या एका चौकाभोवती सात घरे. घरांच्या भिंती एकमेकींना चिकटवलेल्या नाहीत, ते अशासाठी की ज्याला जमेल तेव्हा घर वाढवता यावे. लोकांनी वाढवलेही, काहींनी मूळ घर ओळखू येऊ नये इतके. वास्तुरचनाकाराने आखलेले घर रहिवाशाने पाडून आपल्या मनासारखे बांधावे आणि आराखड्यात त्याची सोय आधीच असावी, ही गोष्ट या पुस्तिकेच्या मूळ धोरणाच्या विरुद्ध आहे.

पायरी सहावी: शेजार बंद करा

जुन्या चाळीतले बिऱ्हाड दहा बाय सोळाचे, पण दारासमोरची गॅलरी मजल्याच्या टोकापर्यंत. त्या गॅलरीत तांदूळ निवडले जात, क्रिकेटच्या मॅची होत, लग्ने जमत आणि मोडत. कुणी किती वाजता घरी आले, हे सर्वांना कळे. संडासाची रांगही त्याच गॅलरीच्या टोकाला लागे, म्हणून गेलेल्या दिवसांसाठी गहिवरून येण्यापूर्वी टोकापर्यंत चालत जावे. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते: पूर्ण आत आणि पूर्ण बाहेर यांच्यामध्ये तिथे एक तिसरी जागा होती. दारात बसलेला माणूस घरातही असे आणि जगातही.

ही जादू चाळीच्या नावात नव्हती, रचनेत होती. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळी पाहाव्यात. खोली तीच, १६० चौरस फुटांची. पण मध्ये बंदिस्त पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या. तिथे उघड्या गॅलरीचा वारा आणि रस्ता नाही. म्हणून बैठक भरे ती खाली मैदानात नाहीतर जिन्यात. जागा मिळाली नाही तर माणसे ती शोधतात.

आपल्या इमारतीत दोन फ्लॅटची दारे चार फुटांच्या लॉबीत समोरासमोर आहेत. एक उघडले की दुसरे लावून घ्यायचे, हा शिष्टाचार. समोरच्यांच्या सोफ्याचा रंग माहीत असणे आणि त्यांचे नाव माहीत नसणे, हे या पायरीचे प्रमाणपत्र.

घराच्या आत मात्र भिंती काढून टाकायची फॅशन आहे: ओपन किचन, ओपन हॉल. भिंत पडली की माणसे जवळ येतात, अशी त्यामागे श्रद्धा. कचेऱ्यांनी हा प्रयोग आधी केला. हार्वर्डच्या इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी भिंती पाडून मोकळ्या झालेल्या दोन कंपन्यांतल्या लोकांच्या अंगावर संवेदक लावले. २०१८ साली त्यांनी जाहीर केले की समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि ईमेल वाढले. आडोसा काढून घेतला की माणूस तो आपल्या अंगावर चढवतो. आपल्या ओपन हॉलमध्ये चौघेजण कानांत बोंडे खुपसून बसलेले दिसतील. मांडणी यशस्वी झाली.

पायरी सातवी: आजारी पडू नका

पडल्यास पलंग कुठे आहे ते पाहावे. रॉजर उलरिच यांनी १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या ४६ रुग्णांच्या नोंदी मांडल्या. सर्वांची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेली. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे सरासरीने लवकर घरी गेले आणि त्यांना जोरकस वेदनाशामके कमी लागली. आपल्या खिडकीतून बी विंग दिसते. बी विंगमध्ये कुंडी असल्यास तिच्याकडे पाहावे.

तक्रार-निवारण

लक्षण: मुलगा परीक्षेचा अभ्यास जिन्यात बसून करतो. कारण: जिन्यात वारा आहे. उपाय: जिन्यात बसण्यास मनाई, अशी सोसायटीची पाटी.

लक्षण: आजोबा दिवसभर लिफ्टजवळच्या खुर्चीवर असतात. कारण: तिथे माणसे दिसतात. उपाय: खुर्ची वॉचमनची आहे, हे त्यांना सौम्य शब्दांत सांगावे.

लक्षण: पाहुणा बाथरूममध्ये गेला की घरातले सगळे एकदम मोठ्याने बोलू लागतात. कारण: दार जेवणाच्या टेबलासमोर आहे. उपाय: टीव्हीचा आवाज.

लक्षण: वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली की आपल्या ताटात सरकल्यासारखी वाटते. कारण: स्लॅब आवाज इमानेइतबारे खाली पोचवतो. उपाय: खुर्चीच्या पायांना रबरी टोप्या. त्या वरच्यांनी लावायच्या असल्यामुळे सांगायला जाताना वडीलधारे माणूस सोबत न्यावे.

लक्षण: रविवारी सकाळीच सगळ्यांना कुठेतरी बाहेर जावेसे वाटते. कारण: घरात दुसरीकडे बसायला जागा नाही. उपाय: मॉल. तिथे बाके आहेत.

हमी

रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर कळवल्यापासून तीस दिवसांत तो विनाशुल्क दुरुस्त करून देणे विकासकावर बंधनकारक आहे. भिंतीला गेलेला तडा यात बसतो. राहणाऱ्याला गेलेला तडा बसत नाही.

इमारत उभी राहिल्यावर परत जाऊन 'कसे काय चालले आहे?' असे विचारावे, ही कल्पना मात्र नवी नाही. ब्रिटनमधल्या वास्तुरचनाकारांच्या राजमान्य संस्थेने १९६३ साली कामाचे टप्पे ठरवून दिले, त्यात सर्वांत शेवटी अभिप्रायाचा टप्पा होता. सत्तरच्या दशकात तो गळाला. त्या टप्प्याची फी द्यायला कोण बसले होते? आपल्याकडे ती अडचणच आली नाही, कारण टप्पा कुणी घातलाच नव्हता. फ्लॅटचा पहिला आणि शेवटचा फोटो ताबा द्यायच्या आदल्या दिवशी काढतात, आत कुणी नसताना.

नजरचुकीने शिवले गेलेले पान

(हे पान ज्यांनी अजून फ्लॅट घेतलेला नाही त्यांच्यासाठी होते. ताबा घेतलेल्यांनी वाचू नये, त्रास होईल.)

घर पाहायला रविवारी सकाळी जाऊ नका. मे महिन्यात दुपारी चारला जा आणि सोबतच्या माणसाला एसी बंद करायला सांगा. जमल्यास जुलैच्या झडीतही एकदा जा.

प्रत्येक खोलीच्या मधोमध उभे राहून विचारा, हवा आत कुठून येते आणि बाहेर कुठून जाते. दोन्ही प्रश्नांसाठी एकाच खिडकीकडे बोट दाखवले गेले तर पुढच्या खोलीत चला.

टेप सोबत न्या आणि आपल्या घरचा पलंग, आपल्या घरचे कपाट यांची मापे जमिनीवर खडूने काढा. मग कपाटाचे दार उघडल्याचे चित्र काढा.

घरात जी व्यक्ती पोळ्या करते तिला ओट्यापाशी उभे करा. पुरुष करत असल्यास त्यालाही. बाल्कनीत खरी खुर्ची ठेवून खरे बसा, आणि बसल्यावर गुडघ्यांसमोरून कुणाला जाता येते का ते पाहा.

बेडरूमचे दार लावून आतल्या माणसाला नेहमीच्या आवाजात बोलायला सांगा. हॉलमध्ये सगळे शब्द कळले तर तिथे भांडण आणि प्रेम दोन्ही कुजबुजत करावे लागेल.

आणि शेवटी एकच विचारा, स्वतःलाच: या घरात सकाळी मी कुठे बसेन, दुपारी कुठे, आणि कुणाशी पटले नाही तर कुठे? तिन्ही उत्तरे वेगळी आली तर घर लहान असले तरी घ्या. तिन्ही एकच आली तर घर मोठे असले तरी राहू द्या.

अभिप्राय

सदर उत्पादनाविषयीचे आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे. खालील चौकटीत ते सविस्तर लिहावे. चौकटीचे क्षेत्रफळ सुपर बिल्ट-अप असून त्यात समास, पानाची पाठ आणि मुखपृष्ठातला आपला वाटा धरलेला आहे. प्रत्यक्ष लिहिण्याजोगी जागा दोन अक्षरांची निघते. 'छान' असे लिहावे, बसते.